आवडीचा उपास

आमच्या घरात कुणाला कशाची आवड आहे हे सांगायला यंत्र लागत नव्हतं. मी पुरत होते. मुलाला, उदयला, गाड्या आवडणार हे तो रांगत असतानाच मी सांगितलं होतं. आज तासगावचा निम्मा बेदाणा त्याच्या बिनड्रायव्हरच्या टेम्पोंतून बाजाराला जातो. सून प्रणोती हिला दुसऱ्यांच्या पोरांचे मार्क आवडतात हेही मी बघायला गेले तेव्हाच ओळखलं होतं. पण मुलगी कामाला वाघ होती, म्हणून गप्प बसले.

मग माझी नात राजसी नववीत गेली, तिच्या कानामागं टिकली चिकटली, आणि घरात माझ्या शब्दाला भागीदार आला.

टिकली म्हणजे कपाळावरची नव्हे. ही मसुरीच्या डाळीएवढी, कातडीच्या रंगाची, कानामागच्या खळग्यात चिकटवायची. सरकारी नाव लांबलचक आहे, तल्लीनतामापक की काहीतरी. ती काय करते हे मला राजसीनंच गोठ्यात नेऊन दाखवलं. तिनं म्हशीच्या मागं पेंडीचं पोतं खुळखुळवलं. म्हशीचे कान फिरले.

“बघितलं, आक्का? हा कान ज्या स्नायूनं फिरला तो आपल्यालाही आहे. आपला कान हलत नाही, पण जे ऐकायची आतून ओढ आहे त्या बाजूला तो स्नायू अजूनही खेचला जातो. मुंगी चालल्याएवढा. टिकली तेवढंच पकडते. सोबतीला नाडी, श्वास आणि कातडीचा ओलावा. तोंडानं खोटं हसता येतं, डोळ्यांत पाणी आणता येतं, पण ह्या स्नायूला नाटक शिकवता येत नाही.”

“कुत्रं अंगावर आलं तरी म्हैस कान टवकारते,” मी म्हटलं. “ती काय कुत्र्याची आवड?”

“म्हणून तर श्वास मोजतात. भीतीत श्वास वरच्यावर अडकतो, ओढीत खोल जातो. आणि गोष्ट संपली की भ्यालेला स्नायू लगेच सुटतो. ओढीतला आणखी थोडा वेळ शोधत राहतो.”

मला पटलं. यंत्राला बऱ्यापैकी अक्कल होती.

कॉलेजांना हे यंत्र का लागलं, तेही सांगते. मार्क सगळ्यांनाच भरपूर पडायला लागले. तेव्हा कॉलेजवाले विचारायला लागले, अभ्यास सोडून काय करतोस? झालं. धनुष्य न उचललेली पोरं तिरंदाज झाली. एकाच झोपडीसमोर आख्ख्या वर्गानं आळीपाळीनं वह्या वाटतानाचे फोटो काढून घेतले. मग टिकली आली आणि दाखल्यांची रद्दी झाली. आता नववी ते बारावी मूल जे काही खेळेल, वाजवेल, समाजासाठी करेल, ते टिकली लावून करायचं आणि त्याचा आलेख अर्जासोबत पाठवायचा. आलेखात डोंगर दिसले पाहिजेत. सपाट माळ दिसला की अर्ज बाजूला.

राजसीला जायचं होतं पुण्याच्या ध्वनिविद्या संस्थेत. तिथं आवाजाचं शास्त्र शिकवतात. माणसाचा गळा, गर्दीचा गलका, तडा गेलेल्या पुलाची कुरकुर, सगळ्याचं. हे वेड तिचं तिनंच लावून घेतलेलं, आमच्यापैकी कुणी डोक्यात भरवलेलं नव्हतं. सातवीपासून एकच धोशा. जागा मोजक्या, आणि आलेखानं गाठायची रेषा भलतीच उंच.

तेव्हा प्रणोतीनं सांगलीहून टेंगसे सरांना बोलावलं. प्रवेशाचे सल्लागार. सदऱ्याला सुरकुती नाही आणि बोलण्यात श्वास नाही.

“खेळ, कला, सेवा, तिन्ही पाहिजेत, काकू,” ते मला म्हणाले. “आवाजाची संस्था म्हणजे व्हायोलिन आलंच. खेळात भिंतचढणं घेऊ, सध्या चालतं. सेवेत वृद्धाश्रमात वाचन.”

“पहिलं म्हणजे काकू नाही, आक्का,” मी म्हटलं. “आणि पोरीला विचारलंत का?”

“मुलांना या वयात कळत नसतं हो.”

“तुम्हाला कळत होतं का?”

ते हसले. असली माणसं हसतात तेव्हा फी वाढते.

दीड वर्ष व्हायोलिन झालं. आलेख इस्त्री केल्यासारखा निघाला. भिंतीवर चढली तेव्हा डोंगर दिसला, पण तो भीतीचा निघाला. वृद्धाश्रमात तिनं वाचायला घेतलं की म्हातारी माणसं झोपायची, आणि तिच्या कानामागचा स्नायू त्यांच्या आधी.

खरी राजसी बघायची तर आमच्या स्वयंपाकघरात यायला हवं होतं. ही पोर सकाळी डोळे उघडल्यापासून घराचं समालोचन करायची. “आक्कांनी पिठात हात घातलाय मंडळी, पाण्याचा हबका, अंगठ्यानं कड धरलीय, भाकरी फिरतेय, फिरतेय, आणि तव्यावर! इकडं आई मोबाइल घेऊन, पैलवानासारखी खडाखडी करत आत येतेय, नजर आक्कांच्या डाव्या खांद्यावर, बोलणार, बोलणार, आणि नाही! माघार!” प्रणोतीसुद्धा हसायची. आमचे मालक दाढी करायला बसले की ही दारात उभी. म्हाताऱ्याला दोनदा कापलं हिच्यापायी.

अकरावीत असताना चिंचणीच्या यात्रेचं कुस्ती मैदान होतं. आमच्याकडं मैदानात निवेदक लागतो. लाल मातीच्या कडेला माईक घेऊन उभा राहतो, कुठला पैलवान, कुणाचा पठ्ठ्या, कुठला डाव पडतोय, सगळं सांगतो. हलगीनं अंगात येतं आणि निवेदकानं डोक्यात उतरतं. त्या दिवशी यशवंता निवेदक मिरचीची भजी खाऊन आला आणि ऐन रंगात त्याला ठसका लागला. माती तापलेली, दोन पैलवान भिडलेले, आणि माईक मुका. राजसी माझ्या शेजारी बसली होती. कधी उठली कळलंच नाही.

“पायाकडं बघा मंडळी, चेहऱ्याकडं नको, चेहरा खोटं बोलतो! तांबड्या लंगोटाचा उजवा पाय मागं गेलाय, टाच उचललीय, म्हणजे पटाला, पाय धरायला जाणार. जाणार. गेला! आणि हिरव्यानं वरनं मानेवर वजन टाकलंय, बसवलं खाली! कोण बसलंय ते, मावशी, शेजारणीला सांगू नका, तिला दिसतंय!”

सगळं मैदान हललं. पुढच्या चार कुस्त्या तिनंच बोलून काढल्या. यशवंता पाणी पीत, खांद्यावरचा टॉवेल चावत ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आक्का, तुमचीच जीभ हाय ही. फकस्त जरा गोड.”

टिकली कानामागं तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी टेंगसे सरांचा फोन. आलेखात त्यांनी जन्मात न बघितलेला डोंगर होता.

“पण हे बसवायचं कशात?” सर चाचरत म्हणाले. “कुस्तीचं समालोचन म्हणजे खेळ, कला की सेवा?”

“मातीत खेळ आहे, तोंडात कला आहे आणि मागं बसलेल्यांना दिसत नाही त्यांची सेवा आहे,” मी सांगितलं. “तिन्हीत लिहा.”

त्यांनी तिन्हीत लिहिलं.

व्हायोलिन कपाटावर गेलं आणि आमचे रविवार मैदानावर जायला लागले. बोरगाव, कवठे, विसापूर. राजसी तयार होत गेली. कुठं गप्प बसायचं हेही तिला कळायला लागलं, जे मला अजून जमलेलं नाही. पण बारावी लागली आणि सर चेहरा पाडून आले. आलेख उतरत होता. डोंगर होते, पण बसके.

“सवय झालीय, आक्का. हात बसला की शरीर निवांत होतं. टिकलीला निवांतपणा दिसत नाही, ओढ दिसते. आणि फेब्रुवारीअखेर संस्थेची निरीक्षक येणार, प्रत्यक्ष मैदानावर. त्या दिवसाच्या आलेखाला निम्मं वजन असतं. तेव्हा असला आलेख आला तर रेषेखाली.”

प्रणोतीनं डोक्याला हात लावला. राजसी नखं खायला लागली. मी संकष्टीचा उपास करून बसले होते, पुढ्यात ताट झाकलेलं, चंद्र उगवायचा होता. पोटातून वरणाचा वास मला जसा कळत होता तसा एरवी कधी कळत नाही.

“उपास घाला तिला,” मी म्हटलं.

“काय?”

“मैदानाचा उपास. आजपासून कुस्ती बघायची नाही, ऐकायची नाही, बोलायची नाही. रोज पुरणपोळी खाल्ली तर तोंड निवांतच होणार. महिनोन्‌महिने पोळी दाखवू नका आणि मग वाढा. बघा कान कसा टवकारतो.”

टेंगसे सर पहिल्यांदा बोलायचे थांबले. मग त्यांनी माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

राजसीनं हूं का चूं केलं नाही. तिला जागा हवी होती, आणि माझा शब्द होता. मी उपास घालते तो कडक घालते. यशवंताचा नंबर तिच्या फोनमधून काढला. यात्रेचं हँडबिल घरात येऊ दिलं नाही. रस्त्यावरून हलगी गेली की खिडकी लावायची. जेवताना मालकांच्या तोंडून ‘कुस्ती’ शब्द निघाला तर त्यांच्या ताटातलं लोणचं मी काढून घ्यायची.

ही गोष्ट गावात पसरायला किती वेळ लागणार? सरांनीच ती सांगलीला, मिरजेला सगळीकडं विकली. ‘संयम-सत्र’ असं शुद्ध नाव दिलं, पण लोक त्याला आमच्या आडनावानं तोडकरांचा उपासच म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. समोरच्या गिरम्यांनी आपल्या वेदश्रीचे रंग तिजोरीत ठेवले. कासार गल्लीत एका पोराचा तबला मामाच्या गावी पाठवला. पोरांना आवडतं ते बिनटिकलीचं कुणी करू देईना. एक दिवस वेदश्री अंगणात खडूनं मोर काढत होती तर तिची आई वरून ओरडली, “अगं फुकट कशाला घालवतेस? टिकली लावलीयस का?” पोरीनं पायानं मोर पुसला. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. पण बायका देवळात मला वाट करून द्यायच्या, त्यात ते राहून गेलं.

संक्रांत आली. मी भोगीच्या भाकऱ्या थापत होते. राजसी चुलीशी बसून तिळाचं ताट निवडत होती. मी सहज मान वर केली आणि माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात फक्त थापण्याचा आवाज येतोय. पिठात हात घातला, कड धरली, भाकरी तव्यावर गेली. कुणी काही बोललं नाही.

“काय गं, आज भाकरी दिसली नाही का?”

“दिसली की,” ती म्हणाली आणि खडा बाजूला काढला.

मी तिचं मैदान बंद केलं होतं. स्वयंपाकघर बंद करायला सांगितलं नव्हतं. पण पोरीनं उपास खरा धरला होता, पाणीसुद्धा न पिता.

त्याच आठवड्यात टेंगसे सरांनी रंगीत तालीम ठेवली. आमच्या तालमीत मॅटवर दोन पोरं लढवायची, राजसीनं बोलायचं, टिकली लावून. बघायला प्रणोती, मी, सर आणि भिंतीवर आलेखाचा पडदा.

माईक हातात आला आणि पडद्यावरची रेघ छताकडं निघाली. चिंचणीच्या मैदानापेक्षा उंच. सर खुर्चीवरून उठले, प्रणोतीनं माझा दंड धरला. “आक्का, बघा! बघा तरी!”

मी ऐकत होते.

“आणि हा डाव, हा डाव मंडळी, काय डाव, जबरदस्त, आणि पुन्हा डाव, बघा, बघा, कसला जोर, कसला जोर!” श्वास पुरत नव्हता तिला. निळ्या लंगोटाचा पाय घसरला तर तिनं त्या घसरण्याला ढाक डाव म्हटलं. खालचा वर झाला तरी ही खालच्यालाच दाद देत होती. दिवसभर उपाशी माणूस घास चावत नाही, नुसता गिळतो, तसं चाललं होतं. शब्दाला चव नाही. कुस्ती संपली तेव्हा कोण जिंकलं हे तिला त्या पोरांकडं बघून ठरवावं लागलं.

सरांनी टाळ्या वाजवल्या. “रेषेच्या कितीतरी वर! जागा खिशात, आक्का! तुमचा उपास म्हणजे शोध आहे शोध!”

राजसी माझ्याकडं बघत होती. सरांकडं नाही, आईकडं नाही.

घरी आल्यावर मी तिला माडीवर नेलं. “खरं सांग.”

“मला पैलवान दिसतच नव्हते, आक्का. नुसता माईक दिसत होता. वाटत होतं, आता कोणी काढून घेतला तर. घाई होत होती नुसती.” मग नाक पुसून म्हणाली, “पण आलेख चांगला आला ना?”

“आला.”

“मग राहू दे. अजून महिनाच आहे. जागा मिळाली की बघू.”

“आणि पुढचं पुढं? तिथं गेल्यावर काय चार वर्षं उपाशी माणसासारखी गिळत बसणार?”

मी खाली आले, प्रणोतीला सांगितलं, “उपास सुटला. रविवारी विसापूरला मैदान आहे, पोर जाईल.”

मी चुकले असं म्हटलं नाही. तशी बोलायची मला सवय नाही. पण प्रणोतीनं माझं न बोललेलंही ऐकलं आणि तिचा बांध फुटला. “तुम्हीच घातलात ना? गावभर मिरवलात! आणि आता महिना राहिलाय तर सोडता? डोंगर बसले तर काय सांगू मी तिला? आक्का, मला बारावीला तालुक्यात पहिला नंबर होता. कॉलेजच्या मुलाखतीत समोरच्या तिघांनी विचारलं, अभ्यासाशिवाय काय करता? मी म्हटलं, पाणी भरते, धाकट्यांना सांभाळते. तिघंही हसले. तुम्हाला माहीतय तो हसण्याचा आवाज? मला रोज ऐकू येतो.”

इतकी वर्षं ती माझ्या घरात आहे. हे मला माहीत नव्हतं. कुणाला काय आवडतं ते मी ओळखत होते. काय खुपतंय ते विचारलं नव्हतं.

मी खाली बसले, तिच्यासमोर. “त्या तिघांना अक्कल नव्हती. पण प्रणोती, तू आज तालमीत तिचा आवाज ऐकलास का, की पडदाच बघितलास?”

ती म्हणाली, “निळ्याचा पाय घसरला होता. ढाक नव्हती.”

“तुला ढाक कळते?”

“वर्षभर रविवारी तुमच्यामागं मैदानात बसत होते. कळणार नाही?”

माडीच्या जिन्यावर राजसी उभी होती. कधीपासून, देव जाणे. तिनं विचारलं, “विसापूरचं मैदान किती वाजता आहे?”

पहिला रविवार घोगरा गेला. दुसऱ्याला यशवंताला शब्द कमी पडला की ती पुरवायला लागली. तिसऱ्याला ती भर कुस्तीत गप्प बसली, सगळं मैदान गप्प बसवलं, आणि डाव पडल्यावर एकच शब्द बोलली. आलेख मात्र बसकाच. टेंगसे सरांनी यायचं सोडलं. फोनवर म्हणाले की या पोरीच्या अर्जावर माझं नाव घालू नका. मी म्हटलं, तुमच्या उपासाला माझं नाव लावू नका. बाकी घरांना मी जाऊन सांगितलं. गिरम्यांच्या दारात उभी राहून सांगितलं की रंग काढा बाहेर. गिरमेबाई म्हणाल्या, “तुमचं काय जातंय, आक्का? आमच्या पोरीचा आलेख झकास आलाय.” पुढं वेदश्रीला जागा मिळाली. तिनं त्यानंतर ब्रश धरलेला मी बघितलेला नाही.

संस्थेच्या निरीक्षक डॉक्टर केळुसकर बोरगावच्या मैदानावर आल्या. बारीक चणीची बाई, पन्नाशीची, टोपी घातलेली. ऊन एवढं की हातातल्या आलेखाच्या पाटीवरचं काही दिसेना. म्हणून त्यांनी खुर्ची उलटी फिरवली, मैदानाकडं पाठ केली आणि पाटी मांडीच्या सावलीत धरली. राजसीच्या कानामागं संस्थेची टिकली लावली.

शेवटची कुस्ती मोठी होती. आटपाडीचा शेजाळ, ताडासारखा, आणि समीर नदाफ, बुटका, चिवट.

“उंची बघून पैज लावू नका मंडळी,” राजसीनं सुरुवात केली, सावकाश, पान लावल्यासारखी. “ताडाला वारा लागतो. शेजाळनं मान धरलीय, लांब हातानं. नदाफ मान देतोय. देऊ द्या. उसनी देतोय तो. डावा गुडघा बघा त्याचा, मातीला लागतोय, उठतोय. मोजतोय अंतर. हलगीवाले दादा, जरा दमानं, त्याला विचार करू द्या.”

हलगी खरोखर हळू झाली.

“शेजाळ दमलाय का? नाही. कंटाळलाय. आणि कंटाळलेला पैलवान एक पाय जास्त टाकतो. आता टाकेल. टाकला! नदाफ बगलेखालून! गेला मागं! कमरेला मिठी, उचललाय, ताड उचललाय मंडळी मुळासकट…” आणि ती थांबली. नुसती थांबली. मातीवर पाठ पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग म्हणाली, “आभाळ बघून घे शेजाळ. छान आहे आज.”

टोप्या उडाल्या. शेजाळ स्वतः हसत उठला.

मैदान पांगल्यावर डॉक्टर केळुसकरांनी आम्हाला मंडपाच्या सावलीत बोलावलं. राजसी, प्रणोती आणि मी. “आलेख मध्यम आहे,” त्या म्हणाल्या. “रेषेपेक्षा थोडा खाली. मला वाईट वाटतं.”

प्रणोतीनं माझा हात घट्ट धरला. मी तोंड उघडणार तेवढ्यात राजसीच बोलली.

“मॅडम, शेवटची कुस्ती कोण जिंकलं?”

“नदाफ.”

“कसा?”

“शेजाळनं एक पाय जास्त टाकला, तेव्हा हा बगलेखालून मागं गेला. डावा गुडघा तो आधीपासून…” आणि त्या थबकल्या.

“तुमची पाठ होती मैदानाकडं,” राजसी म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता. विचारत होती ती.

डॉक्टर केळुसकर पाटीकडं बघत राहिल्या, मग पाटी त्यांनी पालथी घातली. “मी पंधरा वर्षं ह्या टिकलीवर काम करतेय,” त्या म्हणाल्या. “ती बनवणाऱ्या पहिल्या तुकडीत मी होते. आम्हाला पकडायची होती आवड. सापडलं हवंसं वाटणं. मेंदूत दोन्ही शेजारी राहतात. आम्ही एकाच दारावर टकटक केली आणि दोघंही घरात आहेत असं धरून चाललो. ज्याला ते काम येतं त्याला आवड असते, पण हपापलेपण नसतं. त्याची रेघ शांत असते. ह्या वर्षी आमच्याकडं भलतेच उंच आलेख यायला लागलेत, ह्याच भागातनं. पण पोरांशी बोलायला जावं तर ती विझलेली. आम्हाला कारण कळत नव्हतं.”

“कारण समोर बसलंय,” मी म्हटलं, आणि उपासाचं सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग हसू लागल्या, मग हसायच्या थांबल्या.

“निरीक्षकाला आलेखाविरुद्ध मत देता येतं,” त्या म्हणाल्या. “नियम आहे तसा. पण समितीपुढं उभं राहून ते पटवून द्यावं लागतं. टिकली आल्यापासून असं मत कुणी दिलेलं नाही. आकड्यासमोर माणसानं काय बोलायचं? आम्ही ‘आलेख पाहा’ म्हणतो आणि खाली बसतो.”

“डॉक्टर, तुम्हाला भांडता येतं का?”

त्यांनी खरं सांगितलं. “आमच्या घरी आवाज चढवायची पद्धत नव्हती.”

“मग जेवायला चला.”

राजसी आज पुण्याला आहे, म्हणजे समितीपुढं काय झालं ते निराळं सांगायला नको. पण ती दुपार सांगितलीच पाहिजे. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला प्रणोती समिती होऊन बसली. हे काम तिला कुणी शिकवावं लागलं नाही; तिला मुलाखतीतले ते तिघं तोंडपाठ होते. दुसऱ्या बाजूला डॉक्टर, ताटात पिठलं.

“माझं नम्र मत असं आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

“नम्र काढा,” मी सांगितलं.

“माझं मत असं आहे की ही मुलगी…”

“आलेख रेषेखाली आहे,” प्रणोती म्हणाली, बर्फासारखी. आणि हसली. तसंच, त्या तिघांसारखं.

डॉक्टर दोनदा अडखळल्या, दोनदा खाली बसल्या. तिसऱ्यांदा प्रणोती हसली तेव्हा त्यांनी खुर्ची मागं सारली. “हसू नका. मी हे यंत्र बनवलंय. ते कुठं बहिरं आहे ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मी पाठ फिरवून बसले होते आणि ह्या पोरीनं मला कुस्ती दाखवली. आवाजाची संस्था आहे की आकड्यांची?”

प्रणोतीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण समिती म्हणून ती ताठ बसली होती. “समिती यावर विचार करेल,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. कालवणाची वाटी उडाली. “समिती आत्ता विचार करेल!”

मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.